विशाखाचा हात

ताडकळस,
११ डिसेंबर १९७५

चि. सौ. कस्तुरास,

सत्यशीलाआक्काचा सप्रेम जयभीम. वि. वि. येलदरीला तू आणि आश्रुबा खुशाल असाल. इथलं लिहिताना मात्र हात जड झालाय.

विशाखाचा उजवा हात भाजला. घाबरू नकोस, बोटं शाबूत आहेत. डॉक्टरांनी पट्टी बांधली, नवी कातडी येईल म्हणाले.

शाळेत मुलींना घरगुती बिस्किटं शिकवायची, म्हणून आधी घरी करून पाहात होते. शेंगदाणे भाजून, तेल सुटून अगदी लोण्यासारखे होईस्तोवर पाट्यावर वाटले. त्यात गूळ घातला, कणीक मळली. आपल्याकडं भट्टी कुठली? पातेल्यात वाळू तापवली, आत थाळी ठेवून झाकण घातलं. तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाईंनी हाक मारली, आणि मी दारात बोलत उभी राहिले. करपल्याचा वास येताच पोरीनं थाळी नुसत्या हातानं उचलली. ओरडलीसुद्धा नाही गं. मी आत आले तर ती डाव्या हातानं बिस्किटं ताटात लावत होती. म्हणाली, आत्या, दोनच करपली.

तू लेक माझ्या भरवशावर धाडलीस आणि मी दारात गप्पा मारत राहिले. आश्रुबा रागावला तर रागावू दे, त्याचा हक्कच आहे. तू मात्र मला तोडू नकोस.

तुझी,
सत्यशीलाआक्का

येलदरी,
१७ डिसेंबर १९७५

ती. आक्कास,

कस्तुराचा जयभीम. पत्र वाचून हे लय भडकले. मासळीचं जाळं तसंच टाकून, पोरीला घेऊनच येतो म्हणत मोटारीला निघाले होते. मीच आडवलं. का आडवलं ते त्यांना सांगितलं न्हाई, तुमाला सांगते.

आक्का, कसूर तुमचा न्हाई. पोरगी निघाली तवा न्हाऊ घालताना मी तिला बजावलं होतं. आत्या नोकरी करून दमून येती, तिला कामाला हात लावू देऊ नको. काय नासलं-फुटलं तर माघारी धाडतील, मग बस इथं मासे निवडीत. तिला शाळेची लय हौस, म्हणून मुद्दाम भेव घातलं. दोन बिस्किटांसाठी लेकरानं हात भाजून घेतला तो माझ्या बोलण्यापायी. भाकरी थापताना सारखं रडू यायलंय.

तिला न्यायला येऊ का, तुमीच सांगा. मला काय सुधरंना गेलंय. तिच्या डोक्यावरून माझ्या वाटचा हात फिरवा.

तुमची,
कस्तुरा

ताडकळस,
२६ डिसेंबर १९७५

चि. सौ. कस्तुरास,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. ही पोर पहाटे उठून पाणी भरायची, मी उठायच्या आत भांडी घासून ठेवायची. आणि मी शाळेत कौतुकानं सांगायचे, भाची किती कामाची आहे म्हणून. दहा वर्षांचं लेकरू कधी कंटाळत नाही, कधी रुसत नाही, हे मला खटकायला नको होतं का? तू भीती घातलीस, पण त्या भीतीचं सुख मी घेतलं.

काल तिला जवळ बसवलं. सांगितलं, आई काळजीपोटी बोलली, तुला कुणी माघारी धाडणार नाही आणि यापुढं घरातलं काम मी करीन. तिनं विचारलं, मग आत्या, मी इथं कशासाठी राहू?

शिकायला, एवढंच मला म्हणता आलं. तिला पटलं की नाही, कुणास ठाऊक.

न्यायचं की ठेवायचं, ते मी ठरवणार नाही. तुम्ही दोघं या आणि तिलाच विचारा. ती म्हणेल ते मला कबूल.

आज सकाळी मात्र एक झालं. मी तिची वेणी घालत होते. एकाएकी माझा हात झटकून म्हणाली, लय ओढता तुमी, मायच चांगली घालती! अर्धी वेणी सोडून, पाय आपटत जाऊन ओसरीत बसली. शाळेची घंटा झाली तरी हलेना. मी फणी घेऊन तिच्या शेजारी बसून राहिले. दोघींनाही उशीर झाला.

कस्तुरा, या घरात ती आज पहिल्यांदा रुसली. मला इतकं बरं वाटलं की पदर डोळ्यांना लावावा लागला.

लवकर या. वाट पाहते.

तुझी,
सत्यशीलाआक्का