सहा लाखांचा आहेर

मोहने, कल्याण
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. मंजुळाताईस,
धाकट्या नंदाचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस. तुझ्या घरातल्या तिघांनीही मला फोनवर ब्लॉक केलंय. पोस्टमनला अजून कोणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझ्या लेकाने तुला काय सांगितलंय कोण जाणे, म्हणून मीच सांगते. भाऊबिजेला सर्वेश आमच्याकडे आला. आमच्या ऐश्वर्याने त्याला ओवाळलं, त्याने पोटभर करंज्या खाल्ल्या आणि जाताना सहा लाख रुपये रोख घेऊन गेला. ह्यांना कारखान्यातून निघताना मिळालेले, इतकी वर्षं आम्ही हात न लावलेले. फोनवरची क्रिप्टो नाणी ओळखीत स्वस्त घ्यायची आणि दुसऱ्याला चढ्या भावाने विकायची, असा त्याचा नोकरीबाहेरचा धंदा म्हणे. बँकेतून दिले तर चौकशा होतात, रोखच दे मावशी, महिन्यात साडेसहा करून आणतो, असं म्हणाला. महिन्याने म्हणाला, खातं गोठवलंय. मग म्हणाला, बाजार पडला. मग फोनच लागेना.

परवा पोलिसांकडे जाऊन आले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पावती नाही, बँकेत नोंद नाही, साक्षीदार घरचेच. काहीतरी पुरावा आणा म्हणाले.

ताई, हे पैसे खोलीचे होते. मालक आमची राहती खोली विकतोय. जूनअखेरपर्यंत आमच्यासाठी थांबतो म्हणालाय, पुढे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. रडून झालं माझं. आता राग आलाय, आणि माझा राग तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे. सर्वेशवरचा तेवढा आटला.

तुझी,
नंदा


डोंबिवली पूर्व
२ मार्च २०२५

चि. सौ. नंदास,
मंजुळाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सर्वेशला देवघरासमोर उभं करून विचारलं. त्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं की मावशीकडून एक पैसाही घेतलेला नाही. पोराने नवी गाडी घेतली, घोडबंदर रोडला घर बघतोय, हे काहींच्या डोळ्यांत खुपतं, असंही म्हणाला. मला ते खरं वाटू नये असं फार वाटतं, पण तुझ्याकडे कागदाचा एक चिटोरा तरी आहे का?

असो. सोबत पत्रिका आहे. अक्षय्य तृतीयेला सर्वेशचं लग्न, आदल्या रात्री दारात हळद. मुलगी शिवानी ठाण्याची, माणसं खानदानी आहेत. सख्खी मावशी नाही आली तर लोक विचारतील, तेव्हा सगळ्यांनी यायचं. पण मांडवात तोंड उघडलंस तर मला बहीण नव्हती असं समजेन.

तब्येतीला जप. बाकी माया आहेच, ती तुटेल असं वागू नकोस.

तुझी,
ताई


मोहने
४ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्न झोकात झालं. जेवण उत्तम, सून गोड आहे. हळदीला तू सांगितल्याप्रमाणे मी तोंड उघडलं नाही. उघडलं ते माइकवाल्या सुशांतने.

प्रत्येकाचा आहेर तो माइकवर पुकारत होता, तशी मीही चिठ्ठी दिली. त्याने खणखणीत आवाजात वाचली, मोहन्याच्या नंदामावशी आणि सीतारामकाकांकडून चिरंजीव सर्वेशला रोख सहा लाख रुपये, भाऊबिजेला हातात पोचते केलेले. सगळ्या मांडवात टाळ्यांचा कडकडाट. ताई, मी फक्त तुझ्या लेकाचं तोंड बघत होते. नाही म्हणावं तर हळदीला आलेल्या सासऱ्यासमोर शोभा, हो म्हणावं तर पैसे घेतल्याची कबुली. त्याने हसून हात जोडले! तुझ्या धाकट्या दिरांनी आहेराच्या वहीत लिहून घेतलं. आमच्या सूरजने सगळं फोनवर टिपलंय. पुरावा मागत होतीस ना?

दुसऱ्या दिवशी लग्नात शिवानी खाली वाकून माझ्या पाया पडली तेव्हा वाईट वाटलं. पण क्षणभरच.

लोभ ठेवायचा की नाही ते आता तू ठरव.

तुझी,
नंदा


डोंबिवली पूर्व
१८ मे २०२५

चि. सौ. नंदास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नव्हता, पण मोठी आहे म्हणून लिहिते.

भर हळदीत माझ्या घराचा तमाशा केलास. मी तुला शिव्या देत बसले होते, तेवढ्यात व्याही आले. सर्वेशला म्हणाले, मावशीचे सहा लाख दोघांच्या नावाने बँकेत टाका. हा पाणी आणतो म्हणून आत पळाला. ते गेल्यावर शिवानीने त्याला समोर बसवलं आणि सगळं वदवून घेतलं. नाणीबिणी काही घेतलीच नव्हती. तुझे पैसे म्हणजे दारातली गाडी. त्या गाडीला मी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. देवासमोर खोटी शपथ घेतली त्याने, आणि मी माझ्या बहिणीला खोटी ठरवलं. नंदे, मला माफ कर.

पण पोरगा वस्ताद आहे. म्हणतो, वहीत आहेर म्हणून लिहिलंय, उसने म्हणून नाही. आहेर समोरच्याच्या घरच्या कार्यातच फेडतात. ऐश्वर्याच्या लग्नात देऊ, म्हणतो. ती तर अजून कॉलेजात आहे. तुझ्या भावजींनीही त्याचीच री ओढली. रीत तशीच आहे, मी काय बोलणार?

माया कमी करू नकोस.

ताई


मोहने
२३ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी कसली मागतेस? तुझ्यावर रागावले होते, ते तुझं पत्र वाचून संपलं.

सर्वेशला सांग, रीत अगदी बरोबर आहे. कार्यातच फेड. ह्यांना जूनमध्ये साठ पुरी होतात. साठीशांत करायचा विचार नव्हता, पण आता दणक्यात करतेय. रविवार, १५ जून, मोहन्याचा हॉल. निमंत्रण तुम्हा सगळ्यांना, आणि शिवानीच्या माहेरच्यांना वेगळं पाठवलंय. माइकला सुशांतलाच ठरवलाय. आवाज चांगला आहे त्याचा.

घरच्या कार्याला घरच्यासारखे या, हीच विनंती.

तुझी,
नंदा


डोंबिवली पूर्व
५ जून २०२५

चि. सौ. नंदास,
अनेक आशीर्वाद.

गाडी विकली. शिवानीने सांगितलं, दारात एकतर गाडी राहील नाहीतर मी. सहा लाख माझ्या कपाटात आहेत, किल्ली माझ्या कमरेला. आहेर फेडताना वर थोडं घालतात, म्हणून त्याने कबूल केलेले पन्नास हजारही त्याच्या पगारातून काढून घेतले.

सर्वेशची एकच विनवणी आहे. पाकीट तुझ्या हातात गुपचूप देतो, माइकवर नको. सासरची माणसं असतील, तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हणतो. आम्ही सगळ्यांनी तुझा नंबर मोकळा केलाय. तो तुला फोन करील. मी त्याच्या वतीने काही बोलत नाही, तुझं तू बघ.

माया आहे, ती आता जपू या.

तुझी,
ताई


मोहने
गुरुवार, १२ जून २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खोलीच्या मालकाला सोमवारी सकाळी बोलावलंय. हे तर आत्तापासूनच भिंतींना कुठला रंग द्यायचा ते बघतायत. तू शनिवारी माझं पत्र मिळाल्याबरोबर राहायला निघ. किती दिवसांत आपण दोघी गप्पा मारत झोपलो नाही.

लोभ होता, आहे, आणि भांडूनही शिल्लक राहिलाय.

तुझी,
नंदा

ता. क. सर्वेशचे फोन येतायत. उचलले नाहीत. माइकबद्दल काय विनंती करायची ती त्याने पत्राने करावी. तिकीट लावलेलं, माझा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलंय. कार्याच्या आत मिळालं तर नक्की विचार करीन. फक्त त्याला आठवण कर, रविवारी पोस्ट बंद असतं.