तुपाचा नियम

२७ ऑगस्ट
लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगलीत आमच्याकडे दोन खोल्या होत्या आणि ताट एकच. मऊ भातात मदन बोटाने आळे करायचा, त्यात तूप सोडायचा. मग बोलता बोलता बांध फोडून सगळे तूप माझ्या बाजूला वळवायचा. शेतकऱ्याचा मुलगा. पाटाचे पाणी वळवल्यासारखे तूप वळवायचा. (डायरीत मदन. समोर ‘अहो’.)

आज जयराज डेअरीवाल्याला तुपाचा भाव विचारला. विश्वास बसेना म्हणून पुन्हा विचारला. तोच. त्याच्या नरड्यावर पाय द्यावासा वाटला. शाळेत सिस्टर सांगायच्या, राग आला की दहा मोजा. सातला छत्री उचलली गेली. लस्सीचे ग्लास खाली आले. जयराज ओरडला, “आवं काकू, तूप मी न्हाई महाग केलं!” मग कुणी केले ते सांगेना. म्हणून पुन्हा छत्री.

एक लहान डबा घेतला. आता हा शेवटचा. हा फक्त मदनच्या भातासाठी.
रेझोल्यूशन : उद्यापासून पर्युषण. दहा दिवस, रोज एक उत्तम गुण पाळायचा; मनातसुद्धा हिंसा नाही.

२८ ऑगस्ट, उत्तम क्षमा
बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सगळ्यांसमोर नियम घेतला : वर्षभर तूप सोडले. परवडत नाही म्हणून नव्हे. मुळात मला त्यागाची ओढ आहे. शिवाय माझ्या वाटचे मदनला जाईल. परफेक्ट प्लॅन.

महिला मंडळाची दीपाली म्हणाली, “गुणमालाताई, लय घट्ट मन तुमचं!” इतक्यात पुरुषांच्या बाजूने मदन उभा राहिला. “हिनं सोडलं तर मीबी सोडलं. वर्षभर.” टाळ्या. मी हात जोडले. जोडले नसते तर ते थेट त्याच्या गळ्याकडे गेले असते.

२९ ऑगस्ट
आमटीत गुपचूप चमचाभर तूप सोडले. मदनने नुसता वास घेतला आणि वाटी सरकवली. “भांड्याला तूप लागलंय काय गं?” मी त्याचा जबडा धरून चमचा आत घालायचा प्रयत्न केला. प्रेमानेच. तो माझ्या करंगळीला चावला. चुकून असणार.

दुपारी तूप खवट झाले नाही ना, ते पाहिले. नाही झाले. चाखणे म्हणजे खाणे नव्हे.

३१ ऑगस्ट
पुन्हा पाहिले. गरम पोळीला लावून. त्याशिवाय नीट कळत नाही. तूप उत्तम आहे.

पण डबा निम्म्यावर! माझ्या चाखण्याने इतके उतरणे शक्यच नाही. मांजर म्हणावे, तर मांजर झाकण परत लावत नाही.

२ सप्टेंबर, उत्तम संयम
भांड्यांना येणाऱ्या रंगूबाईला विचारले. अगदी शांतपणे. हातात उलथने होते हा योगायोग. ती म्हणाली, “आवं काकू, माज्या हाताचा वास घ्या की! तुपाचा वास तर तुमच्या मिशीला येतोय!”

मला मिशी नाही. असली तर अगदी पुसट आहे.

तिने कढई आपटली, मी पातेले फेकले. खिडकीची काच गेली. पाठोपाठ रंगूबाईही गेली. आता भांडी मीच घासते. घासताना प्रत्येक भांड्यात जयराजचे तोंड दिसते, त्यामुळे भांडी चकाचक निघतात.

४ सप्टेंबर, उत्तम त्याग
सकाळी मंडळात माझे भाषण : ‘त्यागातला आनंद’. शाल मिळाली. घरी मागच्या दाराने आले आणि कोठीच्या दाराआड लाटणे घेऊन उभी राहिले. चोर आलाच. झाकण निघाल्याचा आवाज. कोठीत अंधार, नुसती पाठ दिसली. सिस्टरांना स्मरून मोजायला लागले. एकलाच हाणले. चोर त्याच क्षणी वळला.

कपाळ फुटले. मदनचे.

रक्त भुवईवरून गळत होते आणि बोट अजून तोंडात. म्हणाला, “खवट झालंय का बघत हुतो गं.”

किती सहज खोटे बोलतो हा माणूस! चाळीस वर्षांत मला कळले नाही.

रिक्षात त्याच्या कपाळावर पदर दाबून बसले. पदर भिजला. तोच मला धीर देत होता. मग हळूच म्हणाला, “तुझ्या छत्रीचं जयराजनं सांगितलं मला. म्हटलं, मीबी सोडलं तर तू माझ्यासाठी राखणार न्हाईस, तुला तरी हुईल.”
मी म्हटले, अहो, परवडण्याचा प्रश्न नव्हताच.
“न्हाईच की,” तो म्हणाला.

६ सप्टेंबर
टाके घालताना डॉक्टर सम्मेदने मदनचे रक्त तपासायला घेतले. मी चक्कर येऊन पडले म्हणून माझेही. आज रिपोर्ट.
“तूप खाता?”
“नियम आहे!” आम्ही दोघे एकदम.
“मग हे कोलेस्टेरॉल काय हवेतनं आलं, काकू? आता खरोखर सोडा. दोघांनीबी.”
मदन भिंतीकडे बघत होता. मी त्याच्या पट्टीकडे.

८ सप्टेंबर, क्षमावाणी
आज सगळ्यांची क्षमा मागायची. डब्यात तळाशी थोडे तूप उरले आहे. ते असे जावे :

निम्मे रंगूबाईला. मी स्वतः तिच्या घरी नेऊन द्यायचे, उलथने न घेता. मिशीचे तिचे म्हणणे बरोबर होते, हेही सांगायचे. एका वातीपुरते बस्तीतल्या निरांजनाला. शाल दीपालीला परत. ती खऱ्या त्याग्याला मिळावी. छत्री जयराजला. ती माझ्या हातात नसलेलीच बरी.

डबा मदनला. रिकामा समजून. आत बोट फिरवले तर चमचाभर निघेल. डॉक्टरला कळवू नये. ताट एकच घ्यावे, भात मऊ असावा, आळे त्यानेच करावे.

बांध माझ्या बाजूला फोडावा. खवट झाले का, एवढेच बघायचे आहे.