बर्फाच्या ड्रमातून वाचलेल्या पोचूचं पत्र

तीर्थरूप लटारूभाऊ यांस,

धाकट्या पोचूचा बल्लारपूरकडे तोंड करून, हात जोडून रामराम. वहिनीची कंबर कशी आहे? तुमचा खोकला गेला का? इथी सारे मजेत आहेत असं लिहाची रीत आहे म्हणून लिहिलं, पण खरं सांगतो भाऊ, मले लय भेव लागून राह्यलं. (फोन काऊन नाई केला म्हणसान, तर फोन पुनमच्या हातात राहते, आणि भेव तिच्यापायीच आहे. म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो.)

तुमाले माहीतच आहे, तुमची पुतणी पुनम जंगलखात्याच्या भरतीच्या तयारीले लागली. रोज सकाळी आष्टीच्या रोडनं धावते. घरी आली का मांड्या भरलेल्या, पोटऱ्यात गोळे, पायरी उतरता येत नाई. आपण अशा वेळी काय करतो? कढत पाण्यानं शेकतो, मोहाच्या टोरीचं तेल चोळतो. तर तिच्या क्लासातला मास्तर म्हणते, बर्फाच्या पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहाचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा धावाले तयार. बाप्पा! आपल्याकडे बर्फ कायले लागते? मच्छीले, नाई तर मुडद्याले. जित्या पोरीले बर्फात ठेवा म्हणणारा माणूस मले पहिल्यापासूनच बरा नाई वाटला. निमोनिया झाला म्हणजे? पायातलं रगत गोठलं म्हणजे? पण पोट्टी ऐकते कुठी! मोहफुलं ठेवाचा निळा ड्रम (औंदा रिकामाच होता) परसात उभा केला आणि मच्छीवाल्या केसरबाईकडून रोज बर्फ आणणं सुरू केलं. मच्छीतलाच बर्फ तो. पुनम ड्रमात उतरली का गावातल्या साऱ्या मांजरी भोवताल येऊन बसतात.

काल मी ठरवलं, पोरीच्या आधी बापानं उतरून पाहाचं. मराचं असन तर मी मरतो. ती धावाले गेली आणि मी चड्डीवर ड्रमात उतरलो. अगो माय! श्वास वरच्या वर राह्यला भाऊ, रामाचं नाव घेतो म्हटलं तर तेही अर्धंच निघालं. तेवढ्यात फाटकाजवळ इंदुताईचा आवाज. इंदुताई म्हणजे आमच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्षीण, मागं दहाबारा बाया, साऱ्यायच्या हाती काठ्या. कोणीतरी त्यायले सांगितलं, का पोचूच्या परसात मोहाचा ड्रम भरला आहे आणि घरी रोज बर्फ येते. आता तुम्हीच सांगा, दारूबंदीच्या जिल्ह्यात रोज बर्फ घेणाऱ्या माणसाले लोकायनं काय समजावं? माझ्या डोळ्यासमोर एकच आलं, केस होईन, बापाचं नाव ठाण्यात जाईन आणि पोरीची भरती बुडन. भेवाच्या मारे मी ड्रमातच खाली बसलो आणि वरून झाकण ओढून घेतलं.

दारूसाठी भिजवलेला मोहाचा सडवा शोधाची त्यायची रीत तुमाले माहीत आहे. झाकण उघडाचं आणि काठी घालून ढवळाचं. काठी आली ते सरळ माझ्या बरगडीत. मी उठलो. बाया वरडल्या, मी त्यायच्याहून जोरात वरडलो. 'ताई, मी दारू पेत नाई' एवढंच सांगाचं होतं, पण ओठ बधिर, जीभ लाकडासारखी. तोंडातून निघालं, 'थाई, मी थालू...' बाहेर पाय टाकला तर पायात जीवच नाई, लटपटत जाऊन इंदुताईच्याच पायावर पडलो. "पोचू, सकाळी सकाळी इतकी?" इंदुताई म्हणाली. वाकून तिनं माझं तोंड हुंगलं, तर अंगाले मच्छीचा वास. मागून शेजारची सरिता म्हणते, "चकणाही आहे वाट्टे!"

पुनम धावत आली म्हणून वाचलो. तिनं बूट काढले, सर्व्यायसमोर ड्रमात उतरली, दात आवळून उभी राह्यली. मंग म्हणते, "ताई, माझे बाबा भित्रे आहेत, बेवडे नाई." इंदुताई पोट धरून हासली. जाता जाता तिनं आपले दुखरे पाय त्या पाण्यात बुडवून पाह्यले, आणि आज सकाळी साऱ्या बाया पाय बुडवाले हजर!

तर भाऊ, विनंती अशी. रविवारी पुनम तुमच्याकडे मुक्कामाले येते. सोमवारी चंद्रपुरात भरतीची धावाची परीक्षा, मंगळवारी चालाची. मोठेबाबाचा, म्हणजे तुमचा, शब्द ती मोडत नाई. तिले समजावून सांगजा, ही नोकरी नको. बर्फाचं सोडा, पास झाली तर आलापल्लीकडच्या जंगलात एकटी फिरन. मागच्या साली मोह वेचताना जो वाघ माझ्याकडे पाहत बसला होता, तो अजून जंगलातच आहे. त्या दिवसापासून मी मोह वेचाले गेलो नाई. ड्रम रिकामा काऊन होता ते आता तुमाले समजलं असन.

तुमचा, अजूनही थरथरणारा,
पोचू

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आजचा बर्फ बायायच्या पायाखाली संपला. पुनम धावून आली, ड्रमात पाह्यलं. पायरीवर बसून एकटीच पोटऱ्या दाबत राह्यली. मले ते पाहवलं नाई भाऊ. वरचं समजावणं राहू द्या. सोमवारी ती धावून आली का तुमच्या न्हाणीत ड्रम भरलेला पाहिजे, बर्फ जास्तीचाच घेजा. माझं भेव माझ्याजवळ राहीन, पण मंगळवारी तिचे पाय दुखाले नाई पाहिजे.

ता. क. तिच्या आधी एकदा तुम्ही उतरून पाहजा. तिथी तिचा बाप तुम्हीच.