मागचं डावं मडगार्ड

दिनांक ९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमीच. वहिनीला नमस्कार, भाचीला आशीर्वाद. वर्षातून एकदाचं माझं पत्र एरवी इथंच संपतं. आज संपणार नाही.

बाईसाहेब आल्यात. तीच ती लांब नाकाची हिरवी गाडी, जिला बाबांनी हे नाव ठेवलं होतं. आठवडाभर आपल्या वर्कशॉपमध्ये मुक्काम आहे. जुने मालक गेले, आता त्यांची सून तिला सांभाळते. बाकीच्यांनी आपापल्या जुन्या गाड्या नव्यासारख्या चकचकीत करून घेतल्या. ही मात्र नव्वद वर्षांपूर्वी घडवली तशीच आहे. काय दिसते रे! लाकडी सांगाड्यावर हातानं ठोकून बसवलेला तो पत्रा, आणि दार लावलं की अजूनही एकच, हलकासा आवाज. मागच्या दारावर कोपर टेकून टेकून रंग पार उडालाय, आणि मला तीच जागा सगळ्यात आवडते. सीटचं कातडं भेगाळलंय. मी नुसतं तेल चोळते, सुई लावत नाही. इतकी वर्षं सीटा शिवतेय, पण ते टाके बघितले की स्वतःला शिकाऊच समजते.

बुधवारी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचे परीक्षक आले. 'मूळ बांधणी, कुठेही दुरुस्ती नाही' या वर्गात गाडी लावायची होती. खडूस माणूस. भिंग घेऊन तीन तास तिच्याभोवती घिरट्या घालत होते. मागच्या डाव्या मडगार्डपाशी थांबले, तळहात फिरवला आणि सूनबाईंना म्हणाले, "पत्र्याचा हा बाक बघा. असं काम करणारे हात आता उरले नाहीत हो."

माझ्या हातून तेलाची बाटली पडली.

दादा, ते मडगार्ड मी वर्कशॉपच्या खांबावर आपटलं होतं. बाबा लाकूड आणायला बाहेरगावी गेले होते, आणि मला ती गाडी एकदा, फक्त एकदा चालवून बघायची होती. अठरा वर्षांची घोडी होते मी, लहान नव्हते. तू रागावलासुद्धा नाहीस. दोन दिवस धड न जेवता पोचलेला पत्रा उठवलास, रंग कालवलास, तोही जुन्यासारखा विटलेला. बाबांना मडगार्ड कळलं नाहीच. त्यांना सापडली ती तुझ्या कामाच्या बाकावरची रंगाची वाटी.

"गाडीला हात कुणी लावला?"

"मी," तू म्हणालास.

"गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात साफ करतोस? चालता हो."

मी दारातच उभी होते. तोंडातून शब्द फुटला नाही. बावीस वर्षं फुटला नाही. लाजेपायी बाबांनीही मालकांना काही सांगितलं नाही.

याहून वाईट पुढेच आहे. गाडी दरवर्षी यायची तेव्हा बाबा तुझं काम शोधायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षी काठी टेकत दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "कुठं केलंय गं त्यानं? मला सापडतच नाही." आवाजात राग नव्हता, कौतुक होतं. तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर त्यांनी तुला बोलावून घेतलं असतं. मी गप्प बसले.

बुधवारी मात्र मी बोलले, मडगार्डचं सगळं सांगितलं. परीक्षकांनी पुन्हा अर्धा तास भिंग फिरवलं. "बाई, थट्टा करताय माझी?" मग त्यांना खांबावरचा हिरवा ओरखडा दाखवला. मूळ बांधणीचा वर्ग गेला. सूनबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, त्यांचं चुकलं नाही. काल त्या स्वतः कागद घेऊन आल्या. गाडी दुसऱ्या वर्गात लावणार आहेत, आणि मडगार्ड कुणी उठवलं तेही तिथं लिहिणार आहेत. खाली कारागिराची सही हवी.

कागद मी पाठवत नाही. सही करायला तुलाच यावं लागेल. मी स्टेशनवर येईन. शिव्या घालायच्या असतील तर तिथंच घाल, चारचौघांत. त्या एका वेळी गप्प बसायचा हक्क मला राहू दे.

जिच्यामुळे तुझं घर सुटलं ती,
तुझी धाकटी