पन्नास मिनिटं मागे

प्रिय शंकासुरा,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला टाकशील, हे मला माहीत आहे. टाक, पण फाडू नकोस. रुग्णालयाच्या सर्व्हरवरून आठ दिवसांचे तपासणी अहवाल पुसल्याचा ठपका ठेवून तुला काढलं, ती चौकशी मी पुन्हा उघडायला लावली आहे. साहेब म्हणतात, खाजवून खरूज काढताय. आमच्या ह्यांचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोघांनाही सांगितलं, गप्प बसायचं तेवढं बसून झालं.

झालं असं की सोमवारी नव्या सर्व्हरने मान टाकली, म्हणून अडगळीतला तो जुना सर्व्हर पुन्हा जोडला. दहा वाजता सगळ्या विभागांतून फोन सुरू: पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही. खाली रक्ततपासणीला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत. साहेब माझ्या डोक्यावर उभे, रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा. ह्या माणसाला उचकी लागली तरी तो रीस्टार्टच सुचवेल. मी हात लावला नाही. आधी बघ, मग लिही, मग हात लाव, हे तूच माझ्या डोक्यात ठोकून बसवलंस. तुझ्यासारखं प्लगपासून सुरू केलं. वायर ठीक, नेटवर्क ठीक, डिस्कवर जागा भरपूर. मग घड्याळ पाहिलं, तर सर्व्हर पन्नास मिनिटं मागे. हल्लीच्या नव्या व्यवस्थेत दोन मशीनच्या वेळा जुळल्या नाहीत की ती एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, आमच्या घरासारखंच. वेळ सुधारली आणि रांग हलली. साहेब म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? कप्पाळ माझं.

मी मात्र त्या पन्नास मिनिटांवरच अडकले होते. तुझ्यावरचा सगळा आरोप ह्याच सर्व्हरच्या एका ओळीवर उभा होता: पुसण्याची कमांड, दुपारी सव्वादोन, आणि सव्वादोनला खुर्चीत तू. आपण दोघी एकाच नावाने लॉगिन करायचो, त्यामुळे वेळ सोडून दुसरा पुरावाच नव्हता. मी बॅकअपच्या मशीनच्या जुन्या नोंदी उपसल्या. त्याची डिस्क आठ दिवस भरलेली होती म्हणून प्रती निघाल्या नव्हत्या, पण दर पाच मिनिटांनी ते बिचारं सर्व्हरवर डोकावून जात होतं, आणि त्याचं घड्याळ बरोबर होतं. त्याला अहवाल सापडेनासे झाले तीन वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे सर्व्हर तेव्हाही पन्नास मिनिटं मागेच होता. तू लेकीला शाळेतून आणायला अडीचलाच निघाली होतीस, हजेरीत तशी वेळ आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं आम्ही. काल साहेबांनी बोलावून समजूत घातली: यंत्राचा बिघाड म्हणून लिहा, कुणाचं नाव नको, तुम्हाला विभागप्रमुख करायचंय. मी तिथेच लिहून दिलं, बिघाड नव्हता, चूक होती, आणि कुणाची ते चौकशी समितीपुढे सांगेन. त्यांचा चहा तसाच राहिला.

तीन वाजून पाच मिनिटांनी त्या खुर्चीत मी होते. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या, एक सरावाच्या मशीनची, एक खऱ्या सर्व्हरची. सरावाचं मशीन साफ करायचं म्हणून मी कमांड दिली आणि डबा आवरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सरावाचं मशीन जसंच्या तसं भरलेलं दिसलं, तेव्हाच मला शंका आली होती. नोंदीत सव्वादोन आहे असं कळल्यावर मी ती शंका गिळली आणि तुला जाऊ दिलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता समितीच्या बैठकीत मी हे सगळ्यांसमोर बोलणार आहे, नोकरी जायची असेल तर खुशाल जाऊ दे. तुला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, ती मागण्याइतकं तोंड मला नाही. तू यायलाच हवं असंही नाही. पण आलीस तर माझ्या समोरच बस, आणि मी बोलताना अडखळले तर मला थांबू देऊ नकोस.

तुझीच, तू म्हणशील तर,
धांदरट