माटोळीला टांगलेलं इंजिन

आमोणे, ता. डिचोली
दि. ९ ऑक्टोबर १९८७

तीर्थस्वरूप सगुणमामा यांच्या चरणी भाचा कृष्णनाथ याचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? ते हरमलच्या खाऱ्या वाऱ्याने दुखतात की वयाने, याचा निकाल डॉक्टरांनी लावला असल्यास कळवावे. इकडे माणसं सगळी ठीक आहेत; इंजिनाविषयी पुढे सविस्तर लिहितो. (पत्त्यात ‘गोवा राज्य’ लिहिण्याची मला अजून हौस आहे, म्हणून पाकिटावर ते दोनदा पडलं आहे. आणि घरात दिवसभर कोकणी बोलणारा मास्तर पत्र मात्र मराठीत का लिहितो, हा वाद आमच्या तिठ्यावर दोन वर्षं पुरेसा झालेला आहे; तो तुम्ही पुन्हा काढू नये.)

बाबांच्या बाराव्याला तुम्ही आईला म्हणालात की त्यांची ही भाड्याची काळी ऑस्टिन आता भंगारात घाल. आईने तिथल्या तिथे सांगितलं की हरमलला आले तर याच गाडीने येईन, नाही तर येणार नाही. तुम्हीही काही कमी नाही; ती आल्याशिवाय आमोण्याची पायरी चढणार नाही म्हणून निघून गेलात. याला सहा वर्षं झाली. सख्खी भावंडं, मध्ये एक नदी आणि एक फेरीबोट, आणि दोघांचं घोडं एका बंद पडलेल्या गाडीवर अडलेलं. गोव्याला राज्य मिळालं त्या दिवशी तिठ्यावर फटाके वाजत होते, तेव्हा मलाही वाटलं की आपणही आता काहीतरी करून दाखवावं. गोठ्यातून गाडी बाहेर काढली आणि आंब्याच्या फांदीला साखळी बांधून इंजिन खाली उतरवलं.

सल्लागार दोन. पहिला शांताराम, दोडामार्गचा, खाणीवर वीस वर्षं खनिजाचे ट्रक चालवतो. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “मास्तरानू, ह्यां काय इंजिन म्हणूचा? आमच्या ट्रकाचो स्टार्टर ह्येच्यापेक्षा मोठो.” दुसरा गौरेश, आमच्या गल्लीतला औषधवाला. स्वतःची मोटारसायकल त्याने सात वेळा खोलली आहे, आणि आठव्यांदा खोलायची पाळी का आली हे त्याला विचारलेलं आवडत नाही. शांतारामचा विश्वास हातावर, गौरेशचा पुस्तकावर. दोघेही माझ्या ओसरीवर बसून माझाच चहा पितात आणि एकमेकांशी न बोलता माझ्यामार्फत भांडतात. मला दोघांचंही पटतं, आणि खरी अडचण तिथेच झाली.

पुस्तकात म्हणे असं लिहिलं आहे की सुटा केलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमाने मांडून ठेवावा. आम्ही जमिनीवर मांडले. कोंबड्यांनी त्यांचा क्रम बदलला. तेव्हा मला एक युक्ती सुचली (ती माझीच, गौरेश आता स्वतःची सांगत फिरतो, ते खोटं). माळ्यावरून माटोळीची लाकडी चौकट काढली, ओसरीच्या वाशांना बांधली, आणि गणपतीवर जशी आपण फळंफळावळ टांगतो तसा एकेक सुटा भाग सुतळीने तिला टांगला. प्रत्येक सुतळीला चिठ्ठी: ‘व्हॉल्व्ह क्र. ३’, ‘पंपाच्या डावीकडचं’, ‘हे काय ते शांतारामला माहीत’. अवजड भाग तेवढे खाली. मामा, खोटं सांगत नाही, दृश्य सुंदर दिसायचं. संध्याकाळी ऊन आडवं आलं की सगळं चकाकायचं, आणि शाळेतून येताना लांबूनच बघून मला वाटायचं, बाबा असते तर हसले असते. फार वाटायचं.

चवथीपर्यंत इंजिन जोडून होईल असा माझा हिशेब होता. चवथ आली, इंजिन टांगलेलंच. मी त्या दिवशी म्हापशाला तेलाची गाळणी आणायला गेलो होतो. इकडे आई आणि तिची सून शेवंती, दोघींनी माटोळी उतरवली, कारण देवाला माटोळी हवी, यात कोणाचं दुमत असायचं कारण नाही. आईने एकेक भाग हलक्या हाताने सोडला, चिंचेने घासून लख्ख केला आणि सगळे एका बांबूच्या पाटलीत भरून ठेवले. सुतळ्या मात्र वाया घालवायच्या नाहीत, म्हणून त्याच वापरून सुपाऱ्या, काकड्या आणि नीरफणस बांधले. चिठ्ठ्यांसकट. आरतीला आलेला गाव वर बघत होता आणि देवाच्या डोक्यावर नीरफणस लटकत होता, ‘व्हॉल्व्ह क्र. ३’. भटजींनी आरतीच्या मध्येच मान खाली घातली, ती प्रसाद वाटेपर्यंत वर केली नाही.

पुढे आठवणीने जोडायचं ठरलं, पण आठवणी तिघांच्या तीन. शांताराम म्हणे, जे जिथे बसेल ते तिथलंच. गौरेश म्हणे, पुस्तकातलं चित्र दुसऱ्या गाडीचं असलं तरी तत्त्व तेच. महिनाभर खपलो. एक भाग बसला की माझ्या डोळ्यांपुढे एकेक जुनं काही यायचं. शिवोलीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघणारी आमची गाडी. मागे आई, मांडीवर माहेरी न्यायची खाज्यांची पुडी. पुढे बाबा, पांढरा सदरा, गाडी बोटीवर चढवताना कोणाशी न बोलणारे. आणि पलीकडे चोपड्याला तुम्ही, हरमलहून सायकल मारत आलेले, आमच्या आधी तासभर उभे. बाबा दार उघडून तुम्हाला शेजारी घ्यायचे, सायकल मागे टपाला बांधायचे आणि हॉर्न तुमच्या ताब्यात द्यायचे. हरमल येईपर्यंत तुम्ही तो थांबवत नव्हतात. आई मागून रागवायची आणि हसायची. त्या आईला मी पुष्कळ वर्षांत बघितलेलं नाही, मामा.

आणि गेल्या रविवारी गाडी सुरू झाली. धूर बराच आला, गौरेशच्या भुवया थोड्या गेल्या, पण आवाज अगदी तोच. तेव्हा दिवाळीला आईला घेऊन मी हरमलला येतो आहे. तुम्ही पूर्वीसारखे चोपड्याच्या धक्क्यावर यावे, सायकल नको.

मामींना नमस्कार. शेवंतीचा तुम्हा दोघांना नमस्कार. आंब्याच्या फांदीला थोडं खरचटलं आहे, बाकी घरादाराला काही झालेलं नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
कृष्णनाथ

ता. क. : जोडून झाल्यावर पाटलीत साडेतीन भाग उरले. शांताराम म्हणतो, “उरलां ता जास्तीचाच आसतला.”

आणखी एक ता. क. : गाडी सुरू झाली असं वर लिहिलं, ते दोन मिनिटांपुरतं खरं आहे. नंतर ती जी बंद पडली ती पडली, आणि आता दोन्ही सल्लागार माझ्या घरावरून न जाता शेताच्या बांधाने जातात. पण त्या दोन मिनिटांत आई स्वयंपाकघरात होती. आवाज ऐकून ती उठली, पाण्याची कळशी भरून पायरीवर ठेवली आणि शेजारी पंचा ठेवला, बाबा भाड्यावरून आले की ठेवायची तसा. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. मी इंजिनात डोकं घातलं, कारण रडायला तेवढीच जागा होती.

शेवटचा ता. क. : तेव्हा मामा, गाडी हरमलला येणार नाही. दिवाळीलाच काय, कधीच नाही. आता तुम्हीच बसने यावे, नरकचावदिशीला पोहे खायला यावे आणि भाऊबीजेपर्यंत राहावे. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे. आईला विचारलं, मामांना बोलावू का? ती म्हणाली, “बोलोव नाका.” मग बाजाराला निघालो तेव्हा तिने दारातून हाक मारली, “फोव हाडटा जाल्यार पातळ हाड. जाडे ताका चाबूंक जावचे नात, दांत गेल्यात ताचे.”