उलटा मायना

ता. ३ जुलै

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद,

पत्र पोचलं. तुमच्याकडून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र साहेब फोडून वाचतो म्हणे! येणाऱ्याला हात लावत नाहीत, तेवढं नशीब. पण कुलूप लावून कोंडतात काय रे, नकाशे काढणारी माणसं की चोर?

इथे शिपाई नदीच्या बांधाची मापं घेऊन गेले. आळीत एकच बोलणं: शत्रू अलीकडे आला तर लष्कर आपणच बांध फोडून त्याला बुडवणार. मग आमचं काय? तुझे भावोजी म्हणतात, अफवा. सासूबाई म्हणतात, या घरातून मी आडवीच निघेन. बांधाचा नकाशा तुझ्याच हातचा, तेव्हा खरं काय ते तूच सांग.

परवा ट्रंकेत तुझी वसतिगृहातली पत्रं सापडली. आईला कळू नये म्हणून मायना उलटा करायचास. मलाच धाकटी ठरवून आशीर्वाद! मग मी ओळखायचं, आतलं सगळं उलटं. जेवण झकास म्हणजे पोटात कावळे. केवढी हसले मी!

जिवाला जप.

तुझी ताई

ता. ११ जुलै

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद,

मी मजेत आहे. हवं तेव्हा बाहेर फिरून येतो. होऊन गेलेल्या जुन्या लढाईचा नकाशा काढतोय. पाणी दाखवायच्या निळ्या रंगाची बाटली अजून उघडलीसुद्धा नाही. बांध भक्कम आहे. खुशाल राहा, घाई कसलीच नाही. मुलांना कुठे पाठवू नकोस. सासूबाईंचंच ऐक.

हा नकाशा मी आनंदाने काढतोय.

तुझा दादा

ता. १८ जुलै

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझा मायना पाहिला आणि सगळं पत्र उलटं वाचून काढलं. दुसऱ्याच दिवशी हे मुलांना घेऊन डोंगरावर आत्याकडे गेले. आळीतही सांगितलं, निम्मी घरं रिकामी झाली. सासूबाई मात्र हटून बसल्यात. उचलायला गेलं की खाटेची कड धरून ओरडतात. वर मलाच दटावतात, तू जा, आणि जाते असं भावाला लिहून मला वाचून दाखव. तेव्हा खालचं त्यांना वाचून दाखवण्यापुरतं.

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार,

मी आजच निघते. सासूबाईंना एकटं सोडताना जिवाला काही वाटत नाही. पाणी येईल तेव्हा मी मुलांजवळ असेन. आणि हा नकाशा तू काढलास, म्हणून तुझ्यावर फार राग आहे माझा.

तुझी धाकटी बहीण